पन्नासाला निःशेष भाग

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज फुआतिनो बाई माझ्या पिंपासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या हातातला चिमटा निखाऱ्यांत पडला. शाळा सोडून सात वर्षं झाली, तरी बाई दिसल्या की माझे हात आपोआप मागे जातात.

धक्क्याच्या रस्त्यावर, नीरफणसाच्या झाडाखाली माझं दुकान आहे. दुकान म्हणजे उभं चिरलेलं तेलाचं पिंप, वर जाळी, खाली करवंट्यांचे निखारे. राजधानी आपियाच्या बेटावरून बोट आली की उतारू येतात, कोंबडीची तंगडी, सॉसेज आणि तारोच्या कंदाची फोड असलेली थाळी घेतात आणि बसमध्ये चढतात. थाळीला दहा ताला.

बाई म्हणाल्या, "इसितोलो, सुटे पैसे कोण मोजतं रे?"

"मीच, बाई."

"आणि गिऱ्हाईक ते परत मोजून घेतं ना?"

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. गणितात दहापैकी तीनच्या वर मी कधी गेलो नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

पण बाई टोमणा मारायला आल्या नव्हत्या. ६ डिसेंबरला त्या निवृत्त होतात. चाळीस वर्षं झाली. म्हणाल्या, "मोठं काही नको. डुकरं नकोत, मंडप नको. शाळेच्या आवारात तुझं हे पिंप आणून लाव. साधंसं."

"किती माणसं, बाई?"

"पन्नास." मग जाता जाता म्हणाल्या, "बाकी तुला कळेलच. तू इथलाच आहेस."

घेतलाच शेवटी चिमटा! भागाकारात मी बाकी लिहायला कायम विसरायचो. फळ्यासमोर उभं करून विचारायच्या, "इसितोलो, बाकी कुठे गेली? खाल्लीस?" सात वर्षांनी पण बाकीच.

हे काम नीट झालं तर १३ तारखेच्या बक्षीस समारंभाचंही शाळा मलाच देईल, असं बाई म्हणाल्या. एकशे वीस थाळ्या. आईला सांगितलं. ती झाडत होती, झाडू थांबवून म्हणाली, "मग राहशील का इथे?"

म्हटलं, राहीन.

बुधवार, २० नोव्हेंबर

ही वही मला ऑस्ट्रेलियात मिळाली. स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर प्रत्येकाच्या टोपल्या लिहायला मुकादमाने दिली होती. टोपल्यांची चार पानं आहेत, पुढे मी पळालो. का पळालो ते लिहायला बसलो तर आजचं राहून जाईल.

पण त्या मळ्यावर एक गोष्ट शिकलो. दर शनिवारी साठ जणांचं भाजण्याचं जेवण मुकादम माझ्याकडून करून घ्यायचा. पालांगी, म्हणजे गोरा माणूस, बोलणं रोखठोक. म्हणायचा, "आधी डोकी मोज, मग हात लाव. माणशी एक तंगडी, दोन सॉसेज. उरलेलं अन्न म्हणजे कचऱ्यात फेकलेला पैसा." आणि खरंच, त्याच्या शनिवारी कचऱ्याचा डबा कोरडा असायचा. आमच्याकडे उलटं. इथे कुणी मोजतच नाही. टोपल्यांवर टोपल्या आणून ओततात आणि मग धंदा चालत नाही म्हणून रडतात.

तर बाईंचा हिशोब:

तंगड्या ५०. पेटीत तेहतीस निघतात, बहात्तर ताला. वरच्या सतरा सुट्या, चव्वेचाळीस ताला. सॉसेज १००, नव्वद ताला. शेवयांची सापासुई माणशी एक डाव, साठ. बटाट्याचं सॅलड माणशी एक वाटी, पंचाहत्तर. तारो माणशी अर्धा कंद म्हणजे पंचवीस, घरचे. थाळ्या वीस. मावसभावाच्या पिकअपचं पेट्रोल तीस.

सगळे मिळून ३९१. थाळीला चौदा लावले तर ७००. मला सुटतात ३०९.

तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच आलं. बाईंच्या वर्गात असं कधी झालं असतं तर!

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पंचवीस तारो?"

"अर्धा अर्धा."

"इसी, पंचवीस तारो तर मी रविवारी आपल्या घरच्यांना करते."

"म्हणून तर आपण असे आहोत."

 ती म्हणाली, "उरायला नको का काही?"

"उरलं की तोटा, आई."

"हे तुला कुणी शिकवलं?"

मी वही वर करून दाखवली.

शनिवार, २३ नोव्हेंबर

पेटीचा भाव पक्का करायला निघालो होतो, पण धक्क्यावर एक जण होडीची चीर बुजवत होता. ते बघत बसलो, मग त्याला मदत केली, मग पोहलो. दुकान बंद झालं. उद्या रविवार, सगळंच बंद.

पाण्यात पडल्या पडल्या उगाच आजी आठवली. कुठे लग्न, मयत, चर्चचं काही असलं की ती पांढरा झगा घालून जायची आणि आम्ही चार भावंडं कुंपणाच्या दगडांवर बसून तिची वाट बघायचो. ती यायची ती काखेत पुडकं घेऊन. कधी केळीच्या पानात, कधी चांदीच्या कागदात. गार झालेलं डुक्कर, तारो, नारळाच्या दुधात शिजवलेल्या तारोच्या पानांचा म्हणजे पालुसामीचा गोळा. गार पालुसामीसारखी चव मला जगात कुठे मिळाली नाही. एकदा पुडकं फुआतिनो बाईंच्या घरचं होतं, त्यांच्या भावाच्या लग्नातलं. त्यात अख्खा मासा होता. डोकं कुणी खायचं यावरून आम्ही मारामारी केली, आणि तेवढ्यात ते मांजरीने नेलं.

हे कशाला लिहितोय कोण जाणे. सोमवारी पेटीचा भाव बघायचा.

बुधवार, २७ नोव्हेंबर

बाईंना हिशोबाचा कागद नेऊन दिला. आकडे एकाखाली एक, नीट रेघा मारून. तळाला लिहिलं होतं: उरणार: ०.

बाईंनी चष्मा लावला. ओटीवर त्यांची म्हातारी आई उशीला टेकून बसली होती. नव्वदीची असेल, आता चालता येत नाही. मला ओळखलं नाही, पण माझ्या आजीचं नाव सांगितल्यावर हात धरून ठेवला.

बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? उरणार शून्य?"

"निःशेष, बाई. मी काहीच ठेवणार नाही."

"तू स्वतःला काही ठेवणार नाहीस? घरी नेणार नाहीस?"

"एक तुकडा नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले, पण चष्म्याच्या काचाही फार जाड आहेत. म्हणाल्या, "देव तुझं भलं करो. मी तुला फार मारलं रे." मग म्हणाल्या, "तर मग चांदीचा कागद मी आणते. मोठी गुंडाळी आणते."

"कशाला, बाई?"

"अरे, लागतो तो."

बहुतेक भांडी झाकायला. खर्च त्यांचाच.

सोमवार, २ डिसेंबर

कोनेलियो हा माझा मावसभाऊ. पिकअप त्याची आणि तोंडही त्याचंच. आज त्याच्याबरोबर खरेदीला गेलो. एक पेटी घेतली आणि सतरा तंगड्या सुट्या मागितल्या. दुकानातली बाई म्हणाली, "सतरा? अठरा नको, सोळा नको?"

"सतरा."

"अठरावी तुझ्या अंगावर येईल का?"

कोनेलियो हसून हसून काउंटरवर पडला. बाहेर आल्यावर म्हणतो, "ए इसी, दुसरी पेटी घेऊन टाक. पैसे मी घालतो."

"कशाला? तुला घरी न्यायला?"

"मला, तुला, पाद्रीबाबाला, कुणालाही. पोटात जातं ते जेवण, हातात जातं ती इज्जत."

या माणसाला फुकटचं खायला मिळालं की म्हणी सुचतात. पेटी घेतली नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

आई दुपारभर मळ्यात होती. तारोचे चाळीस कंद खणून आणले. मी म्हटलं, पंचवीस सांगितले होते. ती म्हणाली, जमिनीला मोजता येत नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

झालं. आणि झालं ते अगदी कागदावर होतं तसंच!

सविस्तर लिहितो. पहाटे उठलो तर आईने कधीच दगड तापवून उमूची भट्टी लावली होती. माझे पंचवीस वेगळे काढून तिने वरचे पंधरा भाजले होते, शिवाय वीस-बावीस पालुसामी. सगळं माडाच्या झापांच्या टोपलीत भरून पिकअपमध्ये ठेवत होती. मी टोपली उतरवली. म्हटलं, "आई, हे हिशोबात नाही."

"राहू दे रे. मागे पडून राहील."

"बाई मोजतील. त्या सगळं मोजतात. एक जास्त निघालं तरी म्हणतील, बघा, परत चुकला."

कोनेलियो गाडीत बसून म्हणाला, "मावशी, ठेवा तुम्ही, मी बघतो." मी त्याला म्हटलं, गाडी चालव. आई टोपलीशेजारी उभी राहिली.

शाळेच्या आवारात माणसं वेळेवर आली. पाद्री आणि त्यांची बायको, घराण्यांचे प्रमुख असलेले पाच मताई, मास्तर लोक, कमिटी, जुनी मुलं. मी डोकी मोजली. बाई धरून बरोब्बर पन्नास. आधी पाद्री, मग मताई, मग बाकीचे, अशा थाळ्या लावल्या. एकही तंगडी करपली नाही. सापासुईचा शेवटचा डाव शेवटच्या थाळीत पडला. मला ओरडावंसं वाटत होतं.

मग भाषणं झाली. मताईंपैकी एक जण बाईंवर बरंच बोलला. मग बाईंनी मुलींना खूण केली. मोठ्या वर्गाच्या सहा मुली चांदीच्या कागदाची गुंडाळी आणि रिकाम्या टोपल्या घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. काय हवंय ते कळेना. बाई लांबून बघत होत्या, सगळेच बघत होते. मला वाटलं, आता माझी परीक्षा. मी पिंपाचं झाकण पूर्ण उघडून जाळी उचलून दाखवली. पातेली एकेक करून उपडी केली. एक कण नाही! म्हटलं, "बाई, शून्य!"

कुणीतरी खोकलं. बाई म्हणाल्या, "बघितलं, इसितोलो."

त्यांची स्वतःची थाळी तशीच होती. पोट ठीक नसावं. ती त्यांनी कागदात गुंडाळून पाद्रीच्या बायकोला दिली. ती नको नको म्हणत होती, शेवटी घेतली. मग लोक लवकर उठले. पोट भरलं की माणूस बसत नाही. कोनेलियो कुठे निघून गेला होता, मीच पिंप चढवलं.

परत येताना बाईंच्या घरावरून आलो. त्यांची आई ओटीवर बसली होती, मांडीवर रिकामी थाळी. मी हात केला. तिने थाळी वर केली.

शनिवार, ७ डिसेंबर

टोपली काल दिवसभर उन्हात दारातच होती. आईने आत घेतली नाही. आज तिने ती डुकरांना घातली. चांगली पालुसामी होती. म्हटलं, घरात तरी घ्यायची. ती म्हणाली, "घरासाठी नव्हती."

सोमवार, ९ डिसेंबर

बोट भरून आली आणि माझ्याकडे फक्त चार थाळ्या गेल्या. एका पोराने रस्त्यापलीकडून हाक मारली, "ए पन्नास!" मी हात वर केला. गावात नाव झालं म्हणायचं.

मंगळवार, १० डिसेंबर

आजही "पन्नास". धक्क्यावरचा एक म्हातारा थाळी घेताना म्हणाला, "पोरा, मी एकच माणूस आहे हं. नीट मोज." मागचे हसले. मीही हसलो, पण हसणं जरा मागेच राहिलं.

कोनेलियो फोन उचलत नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज रस्त्यात बाई दिसल्या. भर उन्हात, हातात दोन जड पिशव्या. मी धावलो, म्हटलं, द्या इकडे. म्हणाल्या, "नको, जवळच जायचंय." आणि एका घरात शिरल्या. मग त्याच्या शेजारच्या घरात.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तारो सोलत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "सोमवारपासून फिरतेय ती. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक घरी. पिसुपोच्या मांसाचा एक डबा आणि बिस्किटांचं पाकीट."

"कशाला?"

तेव्हा तिने सुरी ठेवली.

"इसी, तुझी आजी पुडकं कुठून आणायची?"

मी म्हटलं, कार्याच्या घरून.

"आणि ते उरलेलं असायचं, असं वाटतं तुला?"

तिने सोललेला कंद बाजूला सारला.

"ते आधी बाजूला ठेवतात. मग वाढतात. माणूस एकटा येत नाही जेवायला. त्याच्या घरी म्हातारी असते, पोरं असतात, आजारी असतात. त्यांचं हातात द्यायचं असतं. चाळीस वर्षं शिकवलं त्या बाईने, आणि शेवटच्या दिवशी पाद्री, मताई, सगळे रिकाम्या हाताने घरी गेले. पोरं कुंपणावर बसली होती, इसी."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"टोपली भरून सांगितलं."

एकतीस घरं आहेत. एक डबा, एक पाकीट. मी गुणाकार करायला घेतला आणि पेन्सिल ठेवली.

शुक्रवार, १३ डिसेंबर

बाईंकडे गेलो. वाटेत शाळेच्या भोंग्यावर मुलांची नावं पुकारत होते. बक्षीस समारंभ. जेवणाचं काम दुसऱ्या कुणाला दिलंय, तिकडे तीन पिंपं धुमसत होती. मला वाटलं बाई घरी नसतील. होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बक्षीस समारंभाच्या दिवशी बाई घरी.

मी खाली मान घालून चटईवर बसलो. "बाई, मला सांगायचं होतं ना."

"काय सांगायचं? श्वास घे, असं कुणी कुणाला सांगतं का?"

"मी कागदावर लिहिलं होतं. शून्य."

"मी वाचलं होतं की. मला वाटलं, पोरगं सगळं लोकांनाच देणार, स्वतःला एक तुकडा ठेवणार नाही." त्या थोडं हसल्या. "वाचताना मीच चुकले."

त्यांनी पाकीट पुढे केलं. सातशे. मी म्हटलं, मी घेणार नाही.

"का? हिशोब चुकलाय?"

"नाही, पण..."

"मग घे. बरोबर आलेल्या गणिताचे गुण मी आजपर्यंत कुणाचे कापले नाहीत."

आतून म्हातारी म्हणाली, "फुआतिनो, कोण आलंय? जेवण आलं का ते शाळेतलं?"

बाई म्हणाल्या, "नाही आई, अजून नाही."

भोंग्यावर टाळ्या वाजत होत्या. बाईंनी उठून चांदीच्या कागदाची गुंडाळी आणली, एकच तुकडा फाडलेली. "ही ने. बाकीची माझ्याकडे वापरली गेली नाही."

पाकिटात पैशांबरोबर माझा कागद होता. प्रत्येक ओळीसमोर लाल शाईची बरोबरची खूण. पेटीसमोर, सतरा सुट्यांसमोर, सॉसेजसमोर. "उरणार: ०" याच्यासमोरही. आणि खाली, त्यांच्या त्याच अक्षरात: १०/१०.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाली?"

मी कागद दिला. तिला आकडे वाचता येतात. तिने तो पालथा करून फळीवर ठेवला.

सोमवार, १६ डिसेंबर

बोटीत लिहितोय. आपियात कुणाच्या तरी बांधकामावर माणसं हवी आहेत. पिंप कोनेलियोच्या अंगणात ठेवलं. तो बोलला नाही, पण त्याने ते उलटं करून ठेवलं, पाणी साचू नये म्हणून. पाकिटातले सातशे आईच्या उशीखाली ठेवले.

आईने जाऊ नको असं म्हटलं नाही. पहाटे धुराचा वास आला तेव्हाच कळलं होतं. धक्क्यावर तिने काखेतलं पुडकं माझ्या हातात दिलं. बाईंच्या गुंडाळीतला चांदीचा कागद, तीन पदर. इतकं जड की दोन्ही हात लागले.

म्हटलं, "आई, तासाभराचा तर प्रवास. एकट्याला एवढं?"

"उघडू नकोस लगेच," ती म्हणाली, आणि बोट सुटायच्या आधीच मागे वळली.

अर्ध्या वाटेत उघडलं. समोर एक बाई दोन मुलांना घेऊन बसली होती, त्यांना दिलं. मग एका म्हाताऱ्याला. मग दोर ओढणाऱ्या दोघांना. कुणी विचारलं, कुठल्या कार्याचं?  म्हटलं, घरचं. किती जण जेवले, किती फोडी होत्या, मोजलं नाही.

आता पलीकडचा धक्का दिसतोय. पुडक्यात अजून आहे, गार झालंय. आणि मला घ्यायला तिथे कुणी येणार नाही.